साखरबाईंनी पेटी घासली

हौसरावांची हत्यारांची पेटी जन्मात एकदाच धुतली गेली, आणि तीही ते घरात नसताना. घरात असते तर पेटीला थेंबभर पाणी लागलं नसतं. "वंगण म्हंजी हत्याराची कातडी," असं ते म्हणत. "तुमची कातडी सोलून कुणी उन्हात वाळत घातली, तर कसं वाटंल?" साखरबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की ही कातडी घरभर गळते. पेटीतल्या वंगणाचे काळे अंगठे भिंतीवर होते, उशीच्या अभ्र्यावर होते, दुधाच्या पातेल्यावर होते आणि एका गणेश चतुर्थीला तर नैवेद्याच्या मोदकावरही निघाले होते.

हौसराव कंपनीत फिटर होते तोवर पेटीची खंडेनवमी कंपनीतच व्हायची. तिथं सगळीच हत्यारं काळी, त्यामुळे देवीला फरक कळत नसावा. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि पेटी कायमची शिरूरच्या घरी आली. व्हरांड्यात तिच्या वरच्या भिंतीला त्यांनी पाटीच लावून टाकली : 'हत्यारे मागू नयेत. नेलेली परत येत नाहीत.' अक्षरं मोठी होती आणि अनुभवाची वाटत होती.

म्हणजे यंदा ही पेटी देवघरात, घटाशेजारी बसणार. आणि यंदाच साखरबाईंच्या मौनाचं उद्यापन होतं.

मौनाची हकीकत अशी. बारा वर्षांपूर्वी कंपनीत हौसरावांचा हात प्रेसमध्ये सापडता सापडता वाचला. पाचही बोटं शाबूत राहिली. साखरबाईंनी त्याच दिवशी देवीला शब्द दिला, की बारा वर्षं नवरात्राचे नऊही दिवस सूर्योदयापासून बारा वाजेपर्यंत मी बोलणार नाही. लिहिणारही नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणं. खूण चालेल; देवीपुढे आपण हात जोडतो तीही खूणच. एकदा जरी शब्द फुटला, तरी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. अकरा नवरात्रं निभावली होती. या बाराव्याचे दोन दिवस राहिले होते.

अष्टमीला सकाळी हौसराव दौंडच्या बसमध्ये बसले. त्यांचे वस्ताद तात्याबा दौंडला राहायचे. वय चौऱ्याऐंशी, पण पाना हातात घेतला की चाळीस. घरच्या पहिल्या खंडेनवमीचा नारळ वस्तादांच्या हातून फोडायचा, म्हणून हौसराव त्यांना आणायला निघाले होते. मुक्काम तिथंच, नवमीला अकराच्या सुमारास परत. जाताना ते दारातून म्हणाले, "पेटीला हात लावू नगंस हां."

साखरबाईंनी मान हलवली. मान कशी हलवली, आडवी की उभी, हे बसच्या घाईत हौसरावांनी पाहिलं नाही. मौन असलेल्या माणसाला मान जपूनच हलवावी लागते, आणि बारा वर्षांत साखरबाईंना ते चांगलं साधलं होतं.

पेटी अंगणात आली तेव्हा झाकण उघडायलाच कालथा लागला. आत तीस-बत्तीस वर्षांचं वंगण, त्यात धूळ, त्यात लोखंडाचा कीस, आणि त्यात हत्यारं, जशी काय हलव्यात बेदाणे. तोच डाव्या कुंपणावरून अनसाबाईंचं डोकं वर आलं. अनसाबाई वयानं मोठ्या, सल्ल्यानं त्याहून मोठ्या.

"साखर, राख घे. चिंच घे. नारळाची शेंडी घे. समया कशा घासतीस, तशी घास."

उजव्या कुंपणावर म्हाळूआप्पा येऊन बसले. पूर्वी मेंढरांमागं हिंडलेले, आता बागायतदार; पण उंचावर बसून खालचं सगळं न्याहाळायची सवय गेली नव्हती. "राख? वहिनी, येडंबिडं लागलं काय? ही काय समई हाय? आदी दिसभर डिझेलात भिजवायची. मंग सोड्याच्या पाण्यात उकळायची. मंग बघा, आरशावानी."

"उकळतेत व्हय? बटाटं हायेत का ती?"

"अनसाबाई, तुमी बटाट्याचं बघा. लोखंडाचं मला सांगू नका."

सल्ला नको असेल तर तसं म्हणायला तोंड लागतं. ते नसल्यामुळे साखरबाईंना दोन्ही सल्ले पूर्ण ऐकावे लागले. त्यात अनसाबाईंनी नेहमीप्रमाणे आपल्या जर्मनच्या मोठ्या पातेल्याचंही रडगाणं लावलं. नातीच्या, अक्षदाच्या बारशाला हौसेनं घेतलेलं, नाव घालून घेतलेलं पातेलं सात वर्षांपासून गायब होतं. "धाकट्या जावंकडंच हाय. दुसरीकडं कुठं जातंय? म्हणून तर मी तिच्याशी बोलत न्हाई." साखरबाईंनी हळहळ दाखवणारी मान हलवली. या पातेल्यावर त्यांनी सात वर्षं मनापासून हळहळ केली होती.

शेवटी म्हाळूआप्पांचा सल्ला पटला. बाई तेलाची रिकामी बाटली पिशवीत टाकून निघाल्या, वाटेत देवीच्या पाया पडल्या आणि साडेनवाला पेट्रोल पंपावर उभ्या राहिल्या.

इथं प्रश्न खुणेचा आला. त्यांनी बाटली दाखवली, डिझेलच्या यंत्राकडे बोट केलं आणि हात जोडले.

पंपावरचा ईश्वर नावाचा माणूस म्हणाला, "मावशी, बाटलीत देता येत न्हाई. नियम हाय. कशाला पायजे?"

साखरबाईंनी घासण्याची खूण केली. समोर हत्यार नव्हतं, म्हणून स्वतःच्याच दंडावर वरपासून खालपर्यंत हात चोळून दाखवला. ईश्वरला दिसलं ते असं, की बाई डिझेल अंगावर ओतून घेणार आहेत. त्यानं पिशवीत डोकावलं. देवळातून आलेल्या बाईच्या पिशवीत जे असतं तेच होतं : कापूर आणि काडेपेटी.

त्याचा रंग उडाला. "मावशी, सकाळपासनं काय खाल्लं का?"

साखरबाईंनी नकारार्थी मान हलवली. उपवास होता.

"किती दिस झालं?"

त्यांनी आठ बोटं दाखवली.

"आठ दिस! आन् मागणी काय हाय तुमची? कुणाकडं हाय?"

मागणं असायचं ते एकीकडेच, म्हणून साखरबाईंनी भक्तिभावानं वर आभाळाकडे बोट दाखवलं.

"वरपर्यंत जाणार म्हणत्यात," ईश्वरनं मागं वळून सगळ्या पंपाला सांगितलं.

पुढं त्यांना खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, आणि अर्ध्या तासानं कुठल्याशा कचेरीतले एक साहेब फाइल आणि लिंबूसरबताचा पेला घेऊन आले. आत्मदहनाचे इशारे झेलून झेलून साहेबांना सवय झालेली होती. त्यांनी उभ्यानंच वाचलं, "आपल्या रास्त मागणीचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात येत असून आपण उपोषण स्थगित करावे." मागणीची जागा कोरी होती. "ती नंतर भरू," साहेब म्हणाले, "आधी सरबत घ्या." सरबतात साधं मीठ होतं, उपवासाला चालत नव्हतं. साखरबाईंनी पेला नम्रपणे परत सरकवला.

"लई कडक हायेत बाई," गर्दीतलं कुणीतरी आदरानं बोललं. एकानं घोषणा कोणती द्यायची तेही विचारलं.

अडीच तास त्या बसून होत्या. उठून जायला लागलं की चौघं आडवे येत. कपाळावर मळवट, अंगावर इरकल, आणि भोवती शिरूरमधली निम्मी मोकळी माणसं. एवढ्या वर्षांत कुणाच्या अध्यात न मध्यात असलेल्या बाईचं हे प्रदर्शन! लाजेनं त्यांना घेरी यायची वेळ आली, तर लोक म्हणाले, "बघा, तब्येत खालावली."

बाराला पंपावरच्या घड्याळानं टोले दिले. साखरबाईंनी देवीला नमस्कार केला आणि त्यांच्या त्या हळू, मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळा, पाने धुवायचेत रे. अर्धा लिटर पुरे."

साहेबांचा वर अहवाल गेलेला होता. आंदोलन मागे घेतल्याचं लेखी मिळाल्याशिवाय त्यांना हलता येईना. साखरबाईंनी 'माझे कोणाबद्दल काही म्हणणे नाही' असं लिहून सही केली. साहेबांनी त्यावर शिक्का मारला. डिझेल मिळालंच नाही, नियम होता. ते म्हाळूआप्पांनी ट्रॅक्टरमधनं काढून दिलं. हे त्यांना सकाळीच सुचायला हरकत नव्हती. पण सल्ला द्यायला जेवढा उत्साह लागतो तेवढा डिझेल द्यायला नसतो.

रात्रभर हत्यारं डिझेलात भिजली. नवमीला पहाटे साखरबाईंनी घटाला माळ घातली, मागच्या अंगणात चूल पेटवली आणि अंघोळीचं पाणी तापवायचं मोठं काळंकुट्ट पातेलं चढवलं. त्यात धुण्याचा सोडा, त्यात हत्यारं. पाण्याला उकळी आली तसा तीस वर्षांचा काळा तवंग वर आला, आणि वास असा सुटला, की अनसाबाईंची म्हैस दोराला हिसका देऊन पलीकडे तोंड करून उभी राहिली.

मग वाफाळती हत्यारं घेऊन साखरबाई पुढच्या अंगणात पाटावर बसल्या आणि शेंडीनं घासू लागल्या. काळ्यातून पांढरं निघत होतं. मन कसं प्रसन्न होत होतं. देवाची भांडी घासताना व्हायचं, अगदी तसंच. पहिला पाना आरशावानी झाला. त्यांनी तो उन्हात धरला, आणि दांड्यावर वेल्डिंगचे थेंब टाकून उठवलेली अक्षरं दिसली.

'म्हाळू.'

म्हाळूआप्पा कुंपणावर होतेच. दातात काडी घालून सांगत होते, "लोक लई बेकार झाल्यात, वहिनी. माजा अठरा-एकोणीसचा पाना कुणी नेला, वीस वरीस झालं. कोण नेला, देवीलाच ठावं."

देवीला ठाऊक होतं. आता साखरबाईंनाही ठाऊक झालं. आणि दोघींनाही बोलता येत नव्हतं.

त्यांनी पाना हळूच पाटाखाली सरकवला.

दुसरा हातोडा. त्यावर शाळेचं नाव आणि 'घंटा'. समोरच्या प्रतिभामॅडम त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत गेली पंधरा वर्षं घंटा रुळाच्या तुकड्यानं वाजवतात, हे सगळ्या आळीला ऐकू यायचं. हातोडाही पाटाखाली गेला. तिसरी पक्कड. तिच्या मुठीवर साखरबाईंच्या माहेरचं आडनाव आणि 'निमोणे'. ही पक्कड त्यांच्या लग्नाच्या मांडवातून हरवली होती, आणि वडलांनी मांडववाल्याला दार कायमचं बंद केलं होतं. साखरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं; काही पक्कडीमुळे, काही सोड्याच्या वाफेमुळे.

व्हरांड्यातली पाटी इथून वाचता येत होती. 'नेलेली परत येत नाहीत.' अनुभव खराच होता. फक्त कुठल्या बाजूचा, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

शेवटी तळाचा तो मोठा पाइप पाना उरला. त्याची कथा आळीला पाठ होती. 'वस्तादांनी खूश होऊन स्वतःच्या हातानं दिला,' असं हौसराव दर खंडेनवमीला डोळे भरून सांगत. साखरबाईंनी घासायला घेतला आणि पंच मारून उठवलेले शब्द वर आले : 'तात्याबा, दौंड. हात लावू नये.'

खूश होऊन दिलेल्या वस्तूवर असं लिहिलेलं नसतं. पावणेअकरा झाले होते. अकराला खुद्द वस्ताद येणार होते.

साखरबाईंच्या मनात तेव्हा जे आलं, ते देवीनं माफ केलं असेल अशी आशा आहे. वंगण परत लावून टाकावं! पण वंगण गटारीनं कधीच पुढच्या आळीत गेलं होतं. फुलांखाली झाकावं, तर परक्याची वस्तू देवापुढे. बोलावं, तर अकरा वर्षं वाया. अशा वेळी माणूस जे करतं तेच त्यांनी केलं. पाट बाजूला सारला, चारी हत्यारं एकावर एक रचली आणि पदर पसरून वर बसल्या. कोंबडी अंड्यांवर बसते तशा, पण एवढं टोचणारं अंडं कुठल्या कोंबडीनं घातलं नसेल.

फाटक वाजलं. हौसराव वस्तादांचा हात धरून आत आले, रिकामी पांढरी पेटी पाहून थबकले आणि किंचाळले, "अगं, काय केलंस ह्ये!"

साखरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सौभाग्याचं मौन होतं. हौसरावांना ओरडाही पुरा करता येईना.

तात्याबा वस्ताद मात्र खूश झाले. "व्वा, पोरी! हौश्यानं ह्या जन्मात कदी धुतली नसती. कुटं हायेत हत्यारं?"

साखरबाई बसून राहिल्या. मौन पाळणारी बाई बसून राहू शकते. पण दारात आलेल्या वस्तादांच्या पाया न पडता बसून राहणारी सून शिरूर तालुक्यात अजून जन्माला यायची होती. त्यांनी देवघराकडे पाहिलं. त्या उठल्या, वाकल्या, आणि मागं चार लोखंडं खणाखण घरंगळली.

वस्तादांनी पाइप पाना उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. कुंपणावर म्हाळूआप्पांच्या तोंडातली काडी गळून पडली.

"हौश्या," वस्ताद शांतपणे म्हणाले, "ह्यो तुज्याकडं हाय व्हय? आन् मी केडगावच्या गड्यावर आळ घिऊन बसलो. त्याच्या पोरीच्या लग्नालाबी गेलो न्हाई."

"वस्ताद, नजरचुकीनं..."

"नजर येवढी चुकती, तर मशिनीवर बोटं कशी राह्यली रं तुजी?"

बोटं कशी राहिली, हे साखरबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"वहिनी, त्यो अठरा-एकोणीसचा तर न्हवं?" म्हाळूआप्पा कुंपणावरून विचारत होते.

वस्तादांनी निकाल दिला. "ताटात घे. हळद-कुंकू लाव. ज्याचं त्याला दिऊन ये, बारा वाजायच्या आत. रिकामी पेटी पुजू, पर परक्याचं न्हाई."

मग शिरूरनं ते दृश्य पाहिलं. सात वेळा 'उत्कृष्ट कामगार' झालेले हौसराव ताटात पाना आणि हातोडा घेऊन, ओवाळायला निघाल्यासारखे दारोदार चालले होते. म्हाळूआप्पांनी पाना छातीशी धरला आणि तासाभरात मूठभर लोकांनी ऐकलं असतं ते पाच मिनिटांत अख्ख्या आळीला ऐकवलं. प्रतिभामॅडमकडे वेगळीच अडचण निघाली.

"हातोडा घेता येणार नाही, हौसराव. रजिस्टरमधून तो कमी केलाय, दोन हजार नऊ साली. आता घेतला तर एक हातोडा जादा होतो. जादा कुठून आला ते लिहावं लागेल."

"मॅडम, घ्या की. पाया पडतो."

मॅडमनी विचार केला. "मग देणगी म्हणून घेते. फळ्यावर नाव लिहू, देणगीदार म्हणून."

चोरलेला हातोडा देणगी होऊन बसला, आणि हौसराव घरी आले ते थोडे ताठ चालत. पक्कड आठवड्यानं स्वतः निमोण्याला जाऊन द्यायची ठरली. वस्तादांनी आपला पाना पिशवीत टाकला. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं. वर गाठ मारली.

पेटीत उरलं हौसरावांच्या हक्काचं : एक टेस्टर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि निम्मं करवतीचं पातं. साखरबाईंनी तिन्हींना झेंडूचं एकेक फूल वाहिलं. ठीक बाराला वस्तादांनी नारळ फोडला. बारा वर्षांचं मौन फळाला आलं.

आणि मग साखरबाई बोलल्या. आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. पण मऊ आवाजात झडणारी हजेरी कांबळ्यात गुंडाळलेल्या दगडासारखी असते. "अहो, परक्याची वस्तू घरात ठेवून झोप कशी लागते माणसाला? नेताना आठवतं, देताना आठवत नाही? कुणाचा जीव तळमळत असेल, कुणावर भलताच आळ येत असेल, एवढंही मनात येऊ नये?" हौसराव खाली मान घालून ऐकत होते. वस्ताद वरणभाताबरोबर ऐकत होते. बोलता बोलताच साखरबाईंनी मागच्या अंगणात जाऊन ते मोठं पातेलं घासायला घेतलं. सोड्यानं त्याच्यावरचं काजळीचं पुटही सुटत आलं होतं. एक हात मारला, दोन हात मारले. "मी तर म्हणते, दुसऱ्याचा चमचासुद्धा..."

वाक्य तिथंच थांबलं.

हजेरी अर्ध्यातच तुटली, तसे हौसराव बाहेर आले. साखरबाई पातेल्याच्या काठाकडे पाहत होत्या. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : 'सौ. अनसाबाई. चि. अक्षदाच्या बारशानिमित्त.'

सात वर्षांपूर्वी सत्यनारायणाच्या शिऱ्याला आणलेलं. द्यायचं, द्यायचं म्हणता पाणी तापवायला चुलीवर चढलं, आणि काजळीनं नाव झाकलं.

कुंपणापलीकडून आवाज आला, "साखर, झालं का गं घासून? माजं काय सापडलं का त्यात?" आणि अनसाबाई हसल्या.

साडेबारा वाजले होते. मौन सुटून अर्धा तास झाला होता. तरी साखरबाईंच्या तोंडून शब्द फुटेना.

हौसरावांनी नाव वाचलं. एकदा वाचलं, मग चवीनं पुन्हा वाचलं. बायकोकडे पाहिलं. आत जाऊन ते हळद-कुंकवाचं ताट घेऊन आले, पातेल्याला दोन बोटं लावली आणि त्याचा एक कान स्वतः धरला.

"चल," ते हळूच म्हणाले. "मी हाय संगं. पयलं दारच लई जड जातं, फुडं काय वाटत न्हाई."